पार्थी, मेदी, एलामी आणि शिरसाठ सर

पेन्टेकॉस्टच्या दिवशी पवित्र आत्मा माणसांवर उतरतो आणि माणसं जन्मात न शिकलेल्या भाषा बोलू लागतात. ख्रिस्ती लोकांची ही श्रद्धा फार जुनी आहे आणि तिच्याबद्दल बोलताना चांगल्या चांगल्या माणसांचा आवाज खाली येतो. प्रभाकर शिरसाठ यांनी बंगळुरात चाळीसहून अधिक पेन्टेकॉस्ट साजरे केले. एकही चुकवला नाही. त्यांना कन्नड आलं नाही.

अगदीच आलं नाही असं म्हणणं अन्यायाचं होईल. त्यांना दोन शब्द येत होते. एक 'स्वल्प', म्हणजे थोडं, आणि दुसरा 'सरी', म्हणजे बरं. एवढ्या भांडवलावर त्यांनी सरकारी कारखान्यातली अख्खी नोकरी केली, दोन मुली वाढवल्या आणि हेब्बाळला फ्लॅट घेतला. भाजीवाल्याने भाव सांगितला की 'स्वल्प', आणि त्याने मान हलवली की 'सरी'. रिक्षात बसल्यावर बोट दाखवून 'स्वल्प, स्वल्प' करत ते कुठेही जाऊन पोचत. मधला सगळा मजकूर त्यांच्या पत्नी पुरवत. पत्नींना सगळी बिल्डिंग अक्का म्हणायची. अक्का संगमनेरच्या. लग्न होऊन बंगळुरात आल्या आणि पहिल्या सहा महिन्यांत भाजीबाजारात उभ्या राहून कन्नड शिकल्या. आत्म्याची वाट त्यांनी पाहिली नाही.

"ह्यांचं असं आहे," अक्का म्हणायच्या, "आत्मा येईल, शिकवील, तोपर्यंत आपण कशाला त्रास घ्यायचा? अय्यो, आत्म्याला दुसरी कामं नाहीत का?"

सर शांतपणे सांगायचे, "बायबलात नीट वाच. भाषा बोलणाऱ्यांना आल्या. ऐकणाऱ्यांना काही शिकावं लागलं नाही. मी ऐकणाऱ्यांतला आहे."

मी पुण्याहून बदली होऊन आलो तेव्हा त्यांच्या वरच्या मजल्यावर राहायला गेलो. सामान उतरवणाऱ्यांशी मी हिंदीत वाद घालत होतो आणि मध्येच स्वतःशी मराठीत काहीतरी पुटपुटलो. ते ऐकून जिन्यात एक उंच, वाळलेले, चष्मेवाले गृहस्थ थांबले.

"मराठी?"

"हो."

"पुणे?"

"हो."

त्यांनी जरा विचार केला. "असू दे," ते म्हणाले आणि मला खाली चहाला घेऊन गेले. सर नगरचे. शहराचं नाव बदललं तरी ते नगरच म्हणायचे आणि तिथे राहिलेल्या वर्षांच्या दुप्पट वर्षं बाहेर काढूनही 'आमच्याकडे' म्हणजे नगरकडे असं समजायचे. कारखान्यात ते टेस्टिंगला होते. संदेश पाठवायची यंत्रं तयार होऊन आली की ती चालतात की नाही ते बघायचं, हे त्यांचं काम. शिकाऊ पोरांच्या बॅचा त्यांच्या हाताखालून गेल्या, म्हणून 'सर'. त्या पोरांना ते एकच गोष्ट शिकवायचे आणि पुढे मलाही त्यांनी तीच शिकवली. एकदा चाललं म्हणजे चाललं नव्हे.

गॅसचा लायटर पहिल्या फटक्यात पेटला तरी ते तो पुन्हा विझवून पेटवून बघत. मी एकदा म्हटलं, सर, तुम्ही विज्ञानातली माणसं, हे चमत्कार वगैरे कसं काय मानता? तर म्हणाले, "मानतो. पण रिपीट टेस्ट झाली नाही, ही माझी तक्रार आहे."

सरांचं सगळ्यात ठळक लक्षण म्हणजे त्यांचा वेग. म्हणजे वेगाचा अभाव. बोलताना ते प्रत्येक शब्द हातात घेऊन, उलटसुलट करून, मग ठेवत. लिफ्टमध्ये सोसायटीची नोटीस लागली की ते ती वाचायला आत शिरत आणि लिफ्ट त्यांना घेऊन दोनदा वरखाली होई. एका रविवारी सकाळी चर्चनंतर मला ते कोपऱ्यावरच्या उभ्याने खायच्या हॉटेलात घेऊन गेले. डोसे आले. सरांनी डोळे मिटले आणि जेवणाआधीची प्रार्थना सुरू केली. पिकवणाऱ्याचे आभार, दळणाऱ्याचे आभार, तव्यापाशी उभा असलेल्याचे आभार. आमच्या टेबलाची वाट बघत तीन माणसं थाळ्या हातात धरून उभी होती. सर नारळवाल्यापर्यंत पोचले तेव्हा अक्का डोसा तोडत म्हणाल्या, "देवाला कळलं. खा आता."

सर डोळे न उघडता म्हणाले, "चटणी राहिलीये."

मी स्वतः कुठल्याच देवाच्या हजेरीपटावर नाही. हे मी सरांना पहिल्याच आठवड्यात सांगून टाकलं होतं, म्हणजे पुढे गैरसमज नको. त्यांना आनंद झाला. "परांजपे, तुम्ही नास्तिक ना? मग रविवारी सकाळी मोकळेच असाल." आणि खरोखरच मी मोकळा असायचो. त्यांची गाडी विकून झाली होती, अक्कांचे गुडघे दुखायचे, त्यामुळे महिन्यातून एखाद्या रविवारी मी त्यांना चर्चला सोडायचो आणि सोडल्यावर परत कशाला जा, म्हणून मागच्या बाकावर वर्तमानपत्र घेऊन बसायचो.

तिथे मला एक शोध लागला. उपासना कन्नडमध्ये होती आणि सरांना त्यातलं काही कळत नव्हतं. चाळीस वर्षं. ते मान खाली घालून इतके एकाग्र बसलेले असत की नवख्याला वाटावं, एवढा भाविक माणूस पंचक्रोशीत नसेल. मांडीवर मराठी बायबल उघडं. उभं राहायचं तेव्हा अक्का कोपराने ढोसत, बसायचं तेव्हा बाही ओढत. उपदेशात विनोद झाला तर सर इतरांच्या मागोमाग हसत, आणि इतरांपेक्षा थोडे जास्त. एकदा उपदेशकांनी गंभीर आवाजात चार वाक्यं म्हटली आणि थांबले. त्या शांततेत सर खणखणीत 'आमेन' म्हणाले. ती घोषणा होती. कुणाची तरी गाडी दुसऱ्याच्या गाडीमागे आडवी लागली होती आणि ती काढावी, अशी विनंती होती. त्या चर्चच्या आवारात गाड्या फार आणि जागा फार थोडी. उपदेश कुठलाही असो, शेवट गाडीच्या नंबरानेच व्हायचा.

मी म्हटलं, "सर, इथे इंग्रजी उपासना पण असते की दहा वाजता. तिथे का जात नाही?"

"अक्काच्या सगळ्या मैत्रिणी कन्नडला असतात."

"तुम्ही एकटे जा."

"परांजपे, मी नोकरीभर इंग्रजी वापरलं. देवाशी इंग्रजीत बोललं की रजेचा अर्ज केल्यासारखं वाटतं."

मात्र वर्षातला एक रविवार वेगळा होता. तो पेन्टेकॉस्टचा. ईस्टरपासूनचा पन्नासावा दिवस. त्याचा अर्थ सरांनी मला स्वयंपाकघरात बटाटे सोलता सोलता सांगितला होता आणि बटाटे कुकरमध्ये जाऊन शिजेपर्यंत तो पुरला होता. येशू स्वर्गात गेला होता. शिष्य घाबरून एका घरात बसले होते. एकाएकी सोसाट्याच्या वाऱ्यासारखा आवाज झाला, प्रत्येकाच्या डोक्यावर आगीच्या जिभांसारखं काहीतरी उतरलं आणि ती गालीलातली साधी माणसं नाना भाषा बोलू लागली. बाहेर यरुशलेममध्ये सणासाठी देशोदेशीचे लोक जमलेले; उताऱ्यात त्या देशांची लांबलचक यादीच आहे. ते चक्रावले, कारण जो तो आपापली भाषा ऐकत होता. काहींनी थट्टा केली, की ही मंडळी प्यायलेली आहेत.

"मग त्या शिष्यांतला पेत्र उठला," सर म्हणाले. "तो काय म्हणाला? आम्ही प्यायलेलो नाही, आत्ता कुठे सकाळचे नऊ वाजलेत. बघा परांजपे, कसा प्रामाणिक माणूस. संध्याकाळची हमी त्याने दिली नाही."

त्या दिवशी चर्चची सुरुवात झाली, म्हणून तो चर्चचा वाढदिवस. आणि म्हणून त्या रविवारी सरांच्या चर्चमध्ये सगळ्या भाषांच्या मंडळ्या एकत्र जमत आणि तोच उतारा एकामागून एक निरनिराळ्या भाषांत वाचला जाई. कन्नड, तमिळ, इंग्रजी, तेलुगू, मल्याळम आणि शेवटी मराठी. मराठी म्हणजे सर. दुसरं कुणी नव्हतंच. त्या दिवशी लाल घालायची पद्धत, आगीची खूण म्हणून. सरांकडे लाल अशी एकच वस्तू होती. लग्नानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात अक्कांनी विणलेला लोकरीचा स्वेटर. तो घालून ते मे-जूनच्या उकाड्यात घाम पुसत उभे राहत. कुणी काही म्हटलं तर सांगत, "पूर्वी बंगळुरात मे महिन्यात स्वेटर लागायचा." पूर्वीचं बंगळूर हे असं एक गाव आहे की तिथे काहीही लागत असे.

सजावटही आगीची असायची. लाल आणि पिवळ्या कापडाच्या पट्ट्या फाटकापासून दारापर्यंत. पहिल्या वर्षी माझी गाडी बंद होती म्हणून आम्ही तिघं रिक्षाने गेलो. फाटकापाशी रिक्षावाला खाली उतरला आणि त्या पट्ट्यांकडे बघत छाती भरून उभा राहिला. कन्नड झेंड्याचे रंग तेच, पिवळा आणि लाल. मग त्याला शंका आली. कर्नाटकाचा राज्योत्सव तर नोव्हेंबरात असतो. त्याने विचारलं, आज काय आहे?

सरांनी घसा साफ केला आणि इंग्रजीत सुरुवात केली. शिष्य, घर, वारा. रिक्षावाला अदबीने ऐकत होता. सर आगीच्या जिभांपर्यंत आले तेव्हा मागच्या रिक्षांनी हॉर्न द्यायला सुरुवात केली होती. अक्का उतरता उतरता दोनच शब्द म्हणाल्या, "चर्चदु हुट्टुहब्ब." चर्चचा वाढदिवस.

त्याचा चेहरा उजळला. "केक?"

"आहे," अक्का म्हणाल्या.

रिक्षा कडेला लावून तो आत आला. सर मला म्हणाले, "पहिल्या पेन्टेकॉस्टला तीन हजार माणसं आली होती. केक नसताना."

मग जुने उपदेशक निवृत्त झाले आणि पास्टर जोएल आले. पस्तिशीतले, हसतमुख, बोलायला गोड. त्यांनी भिंतीवर मोठे पडदे लावले, घोषणा पडद्यावर नेल्या, उपासना घड्याळावर बसवली. लोक खूश होते. पेन्टेकॉस्टच्या आधीच्या आठवड्यात ते सरांकडे आले. मी ड्रिल परत द्यायला खाली गेलो होतो. सर म्हणाले, "बसा परांजपे," आणि ज्या अर्थी ते 'बसा' चटकन म्हणाले, त्या अर्थी काहीतरी बिघडलं होतं.

संभाषण इंग्रजीत झालं. पास्टरांचं म्हणणं सरळ होतं. कार्यक्रम लांबतो, लोक कंटाळतात, वाचनं कमी करायला हवीत. ज्या भाषांच्या उपासना इथे होतात तेवढ्याच ठेवू. कन्नड, तमिळ, इंग्रजी.

"अंकल, रागावू नका. पण आपल्याकडे मराठी समजणारं कोण आहे?"

"मी."

"तुम्ही तर वाचणारे. ऐकणारं कोण?"

"मीच. वाचणाऱ्याला कान नसतात?"

पास्टर हसले. सर हसले नाहीत. अक्का चहा घेऊन आल्या. पास्टरांनी त्यांच्याकडे बघितलं आणि विचारायचं सोडून दिलं, कारण महिला मंडळात कन्नडमध्ये अध्यक्षीय भाषण करणाऱ्या बाईंना कन्नड कळत नाही असा दावा कुणाच्याच्याने झाला नसता.

सरांनी माझ्याकडे बोट केलं. "हे ऐकतात."

"हे ख्रिस्ती आहेत?"

"नाहीत. त्या दिवशी तरी ऐकणारे कुठे ख्रिस्ती होते? पार्थी, मेदी, एलामी. परगावचे लोक. शहराच्या पार दुसऱ्या टोकाच्या एचएसआर लेआउटमधले समजा."

पास्टरांनी माझ्याकडे नव्या आदराने पाहिलं. माझी गणना याआधी कुणी एलामींत केली नव्हती.

"आणि दुसरं असं पास्टर," सर एकेक शब्द ठेवत म्हणाले, "मी टेस्टिंगचा माणूस आहे. त्या दिवशी जो तो आपली भाषा ऐकत होता. ते एकदाच झालं. पुन्हा कधी झालं नाही. मग आपण दर वर्षी हे का वाचतो? मी म्हणतो, ही रिपीट टेस्ट आहे. दर वर्षी घ्यायची. आपण दर वर्षी नापास होतो. पण म्हणून टेस्ट बंद करायची नसते. यंत्र भंगारात काढायचं ठरलं तरच टेस्ट बंद करतात."

पास्टर माणूस वाईट नव्हते. ते खरोखर विचारात पडले. मग त्यांचा चेहरा खुलला. "अंकल, मग असं करू. सगळ्या भाषा ठेवू. पण सगळ्यांनी एकदम वाचायचं, एकाच वेळी. मूळ प्रसंगात तसंच तर झालं होतं ना?"

सर अडकले. मूळ प्रसंगात तसंच झालं होतं. स्वतःच्याच बायबलाने माणसाला असं कोपऱ्यात घेतलेलं मी पहिल्यांदा पाहिलं. त्यांनी बराच वेळ कपात चमचा फिरवला. सर साखर घेत नसत.

"सरी," ते म्हणाले.

पास्टर गेल्यावरही चमचा फिरतच होता. अक्कांनी तो काढून घेतला.

"एवढं काय मनाला लावून घ्यायचं? वाचायला मिळतंय ना?"

"सगळे एकदम वाचणार. मला माझंसुद्धा ऐकू येणार नाही." मग माझ्याकडे वळून, जसं काही एखाद्या यंत्रातला दोष सांगताहेत अशा आवाजात म्हणाले, "परांजपे, वर्षातून एकदा त्या इमारतीत मला कळतं, की काय चाललंय. तेवढं एकदाच."

अक्का आत निघून गेल्या. आतून भांड्यांचे आवाज नेहमीपेक्षा जास्त आले.

त्या रविवारी मी वर्तमानपत्र नेलं नाही. चर्च लालेलाल झालं होतं. व्यासपीठाच्या बाजूला एक उंच, लग्नाच्या मांडवात असतो तसला पंखा उभा केला होता आणि त्याच्यापुढे लाल-पिवळ्या फिती बांधल्या होत्या. तो सोसाट्याचा वारा. वाचक एका ओळीत उभे राहिले. तमिळ वाचणाऱ्या शिक्षिका, कन्नडचे वकील, इंग्रजीसाठी कॉलेजमधली एक मुलगी, तेलुगू, मल्याळम, आणि पंख्याच्या अगदी तोंडावर, लोकरीच्या स्वेटरमध्ये, शिरसाठ सर. पंखा चालू झाला. फिती उडाल्या. सरांच्या बायबलाची पानंही उडाली. त्यांनी चष्मा सावरला, पानावर तळहात ठेवला आणि ओळ शोधायला लागले.

पास्टरांनी हात वर केला आणि सहा भाषा एकदम सुटल्या.

मॅजेस्टिकच्या बस स्टँडवर सगळ्या कंडक्टरांनी मिळून एकदम गावांची नावं पुकारावीत, तसं झालं. कुणाचंच काही कळेना. लोक आधी गंभीर होते, मग एकमेकांकडे बघायला लागले, मग मुलं हसायला लागली. ही माणसं प्यायलेली आहेत असं त्या काळी काहींना का वाटलं असेल, ते माझ्यासारख्या नास्तिकालाही त्या क्षणी पटलं. सरांचे ओठ हलताना दिसत होते. आवाज येत नव्हता. अक्का माझ्या शेजारी ताठ बसल्या होत्या आणि त्यांनी माझी बाही धरली होती. आता उभं राहायचं की बसायचं, मला कळेना.

इंग्रजी आधी संपली. ती मुलगी स्पर्धेत पहिली आल्यासारखी मागे सरकली. मग तमिळ, मग मल्याळम. कन्नड वकिलांनी शेवटचं वाक्य न्यायालयात म्हणावं तसं म्हटलं आणि पुस्तक मिटलं. तेलुगू त्यांच्या मागोमाग. पास्टर पुढच्या गाण्यासाठी माइकपाशी आले आणि थांबले, कारण एक आवाज अजून चालू होता.

सर मेसोपोटेम्यात होते.

त्यांना बहुतेक पत्ताच नव्हता. नाकासमोर पुस्तक, हात पानावर, आणि नेहमीच्याच चालीने एकेक देश हातात घेऊन, बघून, खाली ठेवणं चाललं होतं. यहूदीया. कप्पदुकिया. प्रत्येक नावानंतर ते एवढे थांबत, की त्या देशातल्या माणसाने उठून 'हजर' म्हणावं. पंखा घोंघावत होता. कुणीतरी जाऊन तो बंद केला. फिती खाली पडल्या. आणि मग त्या भल्यामोठ्या इमारतीत नगरकडची मराठी तेवढी ऐकू येऊ लागली. फ्रुगिया, पंफुलिया, मिसर. कुणी खोकलंसुद्धा नाही. चारशे-पाचशे माणसं, एक अक्षर कळत नसताना, चाळीस वर्षं सर जसे बसत होते तशी मान खाली घालून बसली होती.

शांतता सरांच्या लक्षात आली ती अरबस्तानापाशी. त्यांनी मान वर केली, डावीउजवीकडे पाहिलं, बाकीच्यांची मिटलेली पुस्तकं पाहिली. मला वाटलं, आता घाई करतील. सरांनी चष्मा काढला, स्वेटरला पुसला, पुन्हा घातला, आणि उरलेला उतारा होता त्याच वेगाने संपवला. जो तो आपापली भाषा ऐकतो आहे या जागी त्यांनी आमच्या बाकाकडे पाहिलं. मला प्रत्येक शब्द कळला. यात चमत्कार काही नाही. मी पुण्याचा आहे.

नंतर केकच्या रांगेत एक बाई अक्कांचे हात धरून कन्नडमध्ये खूप काही बोलल्या. तुमच्या यजमानांनी किती मनापासून प्रार्थना केली, डोळ्यांत पाणी आलं, असं. अक्कांनी ते मला सांगितलं. "मी काय सांगू त्यांना, की ती गावांची यादी होती म्हणून? सोडून दिलं."

मी हळूच विचारलं, "अक्का, सरांनी मुद्दाम केलं का हो?"

"मुद्दाम? अय्यो, ह्यांना घाई करता आली असती तर आमचं लग्न एक वर्ष आधी झालं असतं. मुलगी पसंत आहे हे सांगायलाच तेवढा वेळ लावला ह्यांनी."

सरांना विचारलं, तर ते केकवरचा लाल थर बाजूला काढत म्हणाले, "निकाल नोंदवायची घाई करू नये, परांजपे. एकदा चाललं म्हणजे चाललं नव्हे."

पुढच्या वर्षी चर्चच्या मंडळाने तोडगा काढला. सगळ्यांचं एकत्र वाचन होईल, पण त्यात मराठी नसेल, कारण मग ते संपत नाही. मराठी स्वतंत्र होईल, आशीर्वाद होऊन गेल्यावर, अगदी शेवटी. पडद्यावर सूचनाही झळकली, की मराठी वाचन चालू असताना ज्यांना गाड्या काढायच्या असतील त्यांनी शांतपणे काढाव्यात. अक्का भडकल्या. सर म्हणाले, "वेळ दिलाय ना? शिवाय आता वेळेची मर्यादा नाही."

तो त्यांचा शेवटचा पेन्टेकॉस्ट. त्यानंतरच्या थंडीत चार दिवसांच्या तापाने सर गेले. दफनविधी कन्नडमध्ये झाला आणि चांगला झाला. उभं राहायच्या वेळी अक्कांचा कोपर सवयीने बाजूला गेला, तेवढंच. त्याबद्दल जास्त लिहू नये. सरांना ते आवडलं नसतं, आणि समजलं तर नसतंच.

मला ते आठवतात ते त्या शेवटच्या वाचनाच्या दिवशीचे. सकाळी अक्कांना सोडायला मी गाडी आत घेतली तर सर फाटकाशी उभे. आधीच पायी येऊन पोचलेले. स्वेटर आता अंगावर लोंबत होता. दोन्ही हात हलवून ते मला जागा दाखवत होते, "स्वल्प मागे... स्वल्प... सरी."

आशीर्वाद झाला. लोक उठले. सर उभे राहिले आणि पान शोधू लागले. दारं उघडी होती. बाहेर गाड्या मागे घेतल्याचे निरनिराळे सूर वाजत होते आणि प्रत्येक गाडी निघून जाईपर्यंत सर थांबत, मग पुढचा देश घेत. बाकं रिकामी होत गेली. कप्पदुकियाला पन्नासएक माणसं होती. मिसरला दहा. अरबस्तानापर्यंत पोचले तेव्हा आत अक्का, मी आणि पास्टर जोएल एवढेच उरलो होतो. पास्टर पहिल्या बाकावर बसले होते. हात जोडलेले, मान खाली. मध्ये एकदा ते उठले, दारापर्यंत गेले, बाहेर पाहिलं आणि परत येऊन बसले. मग हलले नाहीत. सरांनी शेवटचं वाक्य वाचलं, पुस्तक मिटलं, आणि पास्टर अगदी स्पष्ट आवाजात 'आमेन' म्हणाले. सर खाली आले. त्यांचा चेहरा असा होता, की जणू टेस्ट झाली आणि काटा जिथे यायला हवा तिथे येऊन थांबला.

गाडीत अक्का डोळे पुसत म्हणाल्या, "बघा, काही कळत नसताना शेवटपर्यंत बसून ऐकलं त्या पोराने."

मी गाडी सुरू केली. पास्टरांच्या गाडीमागे माझी गाडी आडवी उभी होती. ती तिथे सरांनी लावायला सांगितली होती.